अर्धी-अर्धी गाठ

"ह्याचे दोन भाग करा," मी डॉक्टरांना म्हणालो.

डॉक्टर मगदूम ऑपरेशनच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये ओल्या कापडावर माझ्या बायकोच्या मानेतून काढलेली गाठ. खारकेएवढी असेल. पांढुरकी, जराशी गुलाबी. एवढ्याशा वस्तूनं घराची झोप उडवली होती.

"दोन भाग कशाला?" डॉक्टर म्हणाले. "लॅबवाले कापून बघतातच. अख्खी दिलेली बरी."

"अख्खा माल एकाच्या हातात आम्ही देत नाही, डॉक्टर. अर्धी मी नेतो, अर्धी पाव्हणा नेईल."

पाव्हणा म्हणजे जालिंदर. शालनचा धाकटा भाऊ. तो माझ्या मागंच उभा होता. आमचं एकमेकांशी फारसं बोलणं नव्हतं, पण या बाबतीत त्यानं लगेच मान हलवली.

"दाजी बरोबर म्हणतायत. नमुना दोन ठिकाणी गेला की खोटेपणाला जागा राहत न्हाई."

डॉक्टर हसले. "हे काय सोनं आहे का?"

पण त्यांनी कापली. काहीजण दोन ठिकाणी देतात, म्हणाले. ट्रेमध्येच पात्यानं मधोमध दोन तुकडे केले, औषधाचं पाणी भरलेल्या दोन बाटल्यांत टाकले, झाकणं घट्ट लावली आणि बाटल्यांवर शालनचं नाव लिहिलं. एक मी घेतली, एक जालिंदरनं घेतली. माझी गावातल्याच लॅबला गेली. तिथला माणूस माझ्या माहितीतला होता. जालिंदर त्याची घेऊन संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. तिथं त्याचा माणूस होता.

आम्ही गलाईवाले. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी माणसं या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालायचे, त्यातलं सोनं वेगळं, चांदी वेगळी, तांबं वेगळं करायचं. मी आणि जालिंदरनं सेलमला एकाच भट्टीवर धंदा सुरू केला होता. आमच्यात मालाचा टंच, म्हणजे सोनं किती खरं आहे ते, कधी एका माणसाच्या शब्दावर धरत नाहीत. लगडीचा तुकडा तोडायचा, अर्धा आपल्या माणसाकडं, अर्धा समोरच्याच्या माणसाकडं. दोघांचा आकडा जुळला की सौदा. जुळला नाही तर दोघांपैकी एक चुकलाय किंवा एक चोर आहे. तिसरं काही नसतं.

आमची भागीदारी अशाच एका न जुळलेल्या आकड्यावर मोडली. एका गिऱ्हाइकाच्या पाटल्या होत्या. मी टंच एक सांगितला, जालिंदरनं दुसरा. बोलाचाली झाली, दुकानात माणसं जमली. शालन आतून पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आली आणि म्हणाली, "भांडू नका. तुझंही खरं, ह्यांचंही खरं."

सगळं दुकान हसलं. तिसऱ्याकडं नमुना गेला, माझा आकडा बरोबर निघाला. जालिंदरनं भट्टी उचलली आणि रस्त्याच्या पलीकडं दुसरं दुकान मांडलं. शालन दोन्ही दुकानांत डबा पाठवायची. भाजी एकच, डबे दोन. पुढं मुलगा धंदा बघायला लागला, आम्ही दोघं विट्याला येऊन राहिलो. जालिंदरही परतला. तरी आमच्या दोघांत काही वाद निघाला की शालनचं वाक्य ठरलेलं. "दोघांचंही खरं."

त्या दिवशी गुंगी उतरल्यावर तिनं डोळे उघडले. मानेला पट्टी होती. मला बघून म्हणाली, "काय निघालं?"

"अजून कळायचंय. तपासायला दिलंय."

"एकाच ठिकाणी दिलं?"

मी सलाईनच्या बाटलीकडं बघितलं.

"म्हणजे दोन ठिकाणी," ती म्हणाली. "माझ्या मानेचापण टंच काढताय व्हय? सोनं निघालं तर गंठण करा मला."

दोन्ही रिपोर्ट एकाच आठवड्यात आले. माझा आधी आला. त्यात लिहिलं होतं, कॅन्सर आहे, पण तो गळ्यातल्या थायरॉईडचा, तिथून मानेच्या गाठीत आलेला. दुसऱ्या दिवशी जालिंदर पुण्याहून आला. त्याच्या रिपोर्टात थायरॉईडचं नावसुद्धा नव्हतं. त्यात लिहिलं होतं, हा गाठींचाच कॅन्सर. लिम्फोमा.

डॉक्टर मगदुमांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मानेत, काखेत अशा बारीक गाठी सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले. "कुठल्याही आजाराला पहिली अडवणारी जागा ती. आता हा रिपोर्ट म्हणतो, थायरॉईडचा कॅन्सर तिथं येऊन अडकलाय. तो म्हणतो, गाठच बिघडलीय."

"फरक काय पडतो?" मी विचारलं.

"फरक मोठा आहे. थायरॉईडचा असला तर ऑपरेशन करायचं, मग आयोडिनचं औषध. माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात. लिम्फोमाला ऑपरेशनचा उपयोग नाही. किमो द्यावी लागते, आणि यांनी लिहिलाय तो प्रकार वेगानं वाढणारा आहे. थांबून चालत नाही."

"म्हणजे यातला एक चुकलाय," मी म्हणालो.

"कुठंतरी अदलाबदल झाली असणार. गाठ एकच आहे. आपण मुंबईला तिसरं मत घेऊ. त्याआधी गळ्याची सोनोग्राफी करून बघू."

बाहेर पॅसेजमध्ये आल्याबरोबर मला राहवलं नाही.

"पाव्हणं, बाटली एस्टीत बदलली का काय तुमची? कुणाचा तरी मुतखडा घेऊन गेला असाल."

"माझी बाटली माझ्या मांडीवर व्हती, दाजी. पुण्यापातुर. तुमच्या लॅबवाल्याचं सांगा. दुपारी जेवला की झोपतो म्हणं तो."

"झोपून बघितलं तरी त्याला बरोबर दिसतं. तुम्हाला डोळं उघडं ठेवून पाटल्या दिसल्या न्हाईत."

"काढा, पाटल्या काढा! बहीण माझी मरायला टेकलीय आणि तुम्हाला पाटल्या सुचतात."

"मरायला टेकली म्हणू नका. तुमच्या रिपोर्टात टेकलीय, माझ्या न्हाई."

खरी गोष्ट ही होती. मला माझा रिपोर्ट पाहिजे होता. त्यात शालन जगत होती. जालिंदरच्या रिपोर्टात मरायचा धोका होता, आणि तो कागद त्यानं आणला म्हणून मला त्याचाच राग येत होता.

खोलीचं दार उघडंच होतं. आतून शालननं हाक मारली. आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो.

"सगळा दवाखाना ऐकतोय," ती म्हणाली. "कशाला भांडताय? दोघांचंही खरं असंल."

"तू गप," मी म्हणालो.

"अक्का, तू गप," जालिंदर म्हणाला.

दोघं एकदमच बोललो. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आमचं कशावर तरी एकमत झालं होतं. शालन हसली आणि भिंतीकडं कूस केली.

सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये गाठ दिसली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. काळ्यात एक पांढुरका डाग. "म्हणजे निकाल लागला," ते म्हणाले. "पुण्याच्या लॅबमध्येच घोटाळा झालेला दिसतो. आता मुंबईला पाठवायची गरज नाही."

जालिंदर उठला नाही. "डॉक्टर, तरी एकदा मुंबईला दाखवू. चार दिस जातील."

"ऑपरेशन लांबवायचं का त्यासाठी?" मी म्हणालो. "पाटल्यांच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला व्हता. अजून एकाला दाखवू. दाखवलं. काय निघालं?"

जालिंदरनं त्याचा रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि निघून गेला. ऑपरेशनच्या दिवशी आला, बाहेर बसला, माझ्याशी बोलला नाही.

थायरॉईड काढला. तो तपासायला मी एकाच लॅबला दिला, माझ्या. रिपोर्ट आला. थायरॉईडचाच कॅन्सर. शंभर टक्के.

मी पेढे आणले. आता सांगताना जीभ जड होते, पण आणले. दवाखान्यात वाटले. नर्सला दिले, झाडूवाल्या मावशींना दिले, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. एक पुडा जालिंदरच्या घरी पाठवला. पुड्याबरोबर निरोप दिला, "टंच जुळला म्हणून सांगा."

शालनला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिचा आवाज ऑपरेशननं बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो, कॅन्सरचं पेढं वाटणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला."

"बरा होणारा हाय म्हणून वाटलं."

"जालूला कशाला पाठवलंत? त्याला काय वाटलं असंल?"

"वाटू दे की."

"तुम्ही दोघं मला शांत मरू पण देणार न्हाई," ती म्हणाली. चेष्टेतच म्हणाली.

आयोडिनचं औषध झालं. ते देताना तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, जवळ जायची मनाई. मी बाहेरच्या बाकावर बसायचो आणि मोठ्यानं तिच्याशी बोलायचो. मग घरी आलो. आता सगळं सुरळीत होणार असं मी सगळ्यांना सांगत होतो.

तिला संध्याकाळचा ताप येऊ लागला. घामानं पातळ भिजायचं, दिवसातून दोनदा बदलावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, थायरॉईड काढल्यावर गोळीचा डोस बसायला वेळ लागतो. डोस वाढवला. जेवण तुटलं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. मी खोबऱ्याची चटणी केली, मऊ भात केला, तिच्या माहेरची डाळवांग्याची आमटी शेजारणीकडून करून घेतली. ती चमचा तोंडाला लावायची आणि म्हणायची, "चांगली झालीय. तुम्ही खावा."

मग काखेत गाठ आली. डॉक्टरांनी हात लावून बघितली. "थायरॉईडचाच आणखी एखादा तुकडा असेल. आयोडिनचा दुसरा डोस देऊ." तेही माझ्या रिपोर्टाच्या बाजूनं होते. एकदा निकाल लागला की सगळे त्याच बाजूला उभे राहतात.

नागपंचमीच्या दिवशी जालिंदर आला. बहिणीनं आदल्या दिवशी भावाचा उपास धरला असेल म्हणून तिला साडी घेऊन आला होता. पेढ्यांच्या पुड्यानंतर आमच्या घराची पायरी तो पहिल्यांदाच चढला. शालन सोप्यात पलंगावर बसली होती. तिनं साडी घ्यायला हात वर केला आणि काचेच्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत गेल्या. घरात फिरताना त्या निघून पडू नयेत म्हणून तिनं त्यांना दोरा बांधला होता.

जालिंदरनं तो दोरा बघितला. त्यानं साडी बाजूला ठेवली. तिचं मनगट धरलं, दोन बोटांत सहज मावलं. मग तो माझ्याकडं वळला. मला वाटलं आता शिव्या देईल.

"दाजी, गाडी आणलीय," एवढंच म्हणाला. "मुंबईला जाऊ. चला."

मी कपडे भरले.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात गाठी तपासणाऱ्या एक डॉक्टर होत्या. कर्णिकबाई. वयानं साठीच्या, केस पांढरे, आवाज बारीक. त्यांनी आमचे दोन्ही रिपोर्ट वाचले आणि म्हणाल्या, "नवीन गाठीचा तुकडा घेऊच. पण मला आधीची गाठ बघायचीय. दोन्ही लॅबकडं तिचे मेणाचे ठोकळे असतील. आणा."

तपासलेला तुकडा मेणात घालून लॅबवाले वर्षानुवर्षं जपून ठेवतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी परत गावाला गेलो, जालिंदर पुण्याला. दोघंही परत आलो तेव्हा दोघांच्या शर्टाच्या खिशात एक एक ठोकळा होता. काडेपेटीपेक्षा लहान. मी माझा टेबलावर ठेवला, त्यानं त्याचा शेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला आत बोलावलं. यंत्राला जोडलेला पडदा होता. पडद्यावर जांभळ्या-गुलाबी रंगाचं काहीतरी पसरलं होतं.

"हा तुमचा ठोकळा," त्या मला म्हणाल्या. "हे पानांसारखं दिसतंय ना, फांदीला पानं फुटल्यासारखं? हा थायरॉईडचा कॅन्सर. तुमच्या लॅबचं बरोबर आहे."

मी जालिंदरकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, बघितलं.

त्यांनी काच बदलली. "हा यांचा. बघा, नुसते गोल काळे दाणे. एकाला एक चिकटून, सगळीकडं तेच. हा लिम्फोमा. पुण्याच्या लॅबचंही बरोबर आहे. आता कड बघा." त्यांनी परत माझी काच लावली आणि ती सरकवली. "आणि तुमच्याही तुकड्याच्या या कडेला तेच दाणे आहेत, थोडेसे. वेगवेगळे रंग लावून तपासल्यावर ते पक्कं झालं. गाठ एकच आहे, शालनबाईंचीच आहे. अदलाबदल कुठंच झालेली नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे दोन वेगवेगळे कॅन्सर एकाच गाठीत बसले होते. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. असं फार क्वचित होतं. माझ्या इतक्या वर्षांत मी मोजकेच बघितलेत."

जालिंदर पडद्याजवळ जाऊन वाकून बघू लागला.

"गाठ अख्खी एका माणसाच्या हातात गेली असती, तर त्याला दोन्ही एकाच काचेवर दिसले असते," बाई म्हणाल्या. "ही मधोमध कापून दोन ठिकाणी कोणी द्यायला सांगितली?"

"आम्ही दोघांनी," जालिंदर म्हणाला. "आमच्यात तशी पद्धत हाय."

बाईंनी यंत्रावरची काच काढून ठेवली. मग म्हणाल्या, थायरॉईडचा आता त्रास नाही, तो निघालाय. दुसऱ्यानं मात्र या मधल्या महिन्यांत पोट, काख, हाडं सगळं धरलंय. किमो देऊन बघू. शरीरात ताकद उरलेली नाही, तेव्हा फार आशा ठेवू नका. असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते बरं वाटलं. गोल गोल बोलणारं माणूस त्या वेळी सहन झालं नसतं.

दवाखान्याच्या फाटकाशी चहाची टपरी होती. जालिंदरनं दोन चहा सांगितले. माझा ग्लास माझ्या हातात दिला. रस्त्यावर गर्दी होती, हॉर्न वाजत होते.

"दाजी," तो म्हणाला, "आपण जन्मभर काय केलं वो?"

"काय केलं म्हणजे?"

"एका गोळ्यातनं सोनं येगळं काढलं, चांदी येगळी काढली, तांबं येगळं काढलं. रोज. आणि आपल्या एकाच्याबी डोस्क्यात आलं न्हाई, की एका गोळ्यात दोन जिनसा असतील."

मी चहा तसाच ठेवला. तो त्यानं प्याला, त्याचा आणि माझाही.

वॉर्डात शालन उशीला टेकून बसली होती. शेजारच्या बाईनं तिची वेणी घालून दिली होती. आम्ही दोघं एकदम, बरोबरीनं येताना तिला दिसलो. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ती आमच्या चेहऱ्यांकडं नाही, आमच्या चालण्याकडं बघत होती. शेजारी शेजारी चालत होतो म्हणून.

"काय म्हणाली बाई?" तिनं विचारलं. "कुणाचं खरं निघालं?"

मी पलंगाच्या कडेचा गज धरला. जालिंदर तिच्या पायाशी बसला आणि पांघरूण सारखं करू लागला.

"सांगा की. एवढं तंडलात, घर डोक्यावर घेतलंत. कुणीतरी जिंकलं असंल."

"दोघांचंही, अक्का," जालिंदर म्हणाला.

तिला ते खरं वाटलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. "अहो?"

"व्हय," मी म्हणालो. "दोघांचंही खरं निघालं. माझंही, त्याचंही."

शालन हसायला लागली. आवाज नव्हताच, नुसते खांदे हलत होते. हसता हसता ठसका लागला, पाणी दिलं, पाणी प्यायली आणि परत हसली. शेजारच्या बाईला म्हणाली, "ऐकलंत का? मी जन्मभर हेच सांगत व्हते ह्या दोघांना. आज मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं तवा पटलं."

शेजारची बाईही हसली. "चांगली बातमी दिसतेय."

"मग? दोघं एकत्र आली की," शालन म्हणाली. "पेढं आणा आता. त्या येळी एकट्याचं वाटलंत. आता दोघांचं मिळून आणा."

मी जागचा हललो नाही. जालिंदरच उठला. खाली गेला आणि पेढे घेऊन आला. येताना त्याचे डोळे लाल होते, पण शालनचं लक्ष पुड्याकडं होतं. तिनं दोरी सोडली. एक पेढा शेजारच्या बाईला दिला. स्वतः खाल्ला नाही, तोंडाला चव नाही म्हणाली. दुसरा पेढा घेतला, दोन्ही हातांनी मधोमध मोडला. अर्धा जालिंदरच्या हातावर ठेवला आणि अर्धा माझ्या.

"खावा," म्हणाली. "माझ्यासमोर खावा."

आम्ही दोघांनी खाल्ला.